पगडी: डोक्यावरची आणि टेबलाखालची

परवा आमच्या शाखेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. यात शाखेचं कर्तृत्व काय म्हणाल, तर एका जागी बसून राहणं. त्या हिशेबाने आमच्यापैकीही बरेच जण सत्काराला पात्र होते. समारंभ ठरला, आणि हल्ली समारंभ म्हटला की फेटे आलेच. पूर्वी गुलाबाचं एक फूल टाचणीने छातीला टोचत आणि तेवढ्यावर भागत असे.

सकाळी साडेनऊला फेटेवाला आला. त्याने गाठोडं सोडलं आणि कॅश काउंटरपासून सुरुवात करून डोक्यामागून डोकं बांधत सुटला. दर डोक्यावर होता. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्याची किंमत प्रथमच कुणीतरी ठरवली: दीडशे रुपये, तीही परतीच्या बोलीवर. शेवटचं टोक खोचताना तो प्रत्येकाच्या कानाशी लागून सांगे, "साहेब, भाड्याचा आहे हां. जाताना गाठोड्यात टाकायचा." मुंजीत बटूच्या कानात गायत्री सांगावी इतक्या गंभीरपणे.

भाषणं झाली. 'शिरपेचात मानाचा तुरा' तीन वक्त्यांनी खोवला. बटाटेवडा झाला, पेढा झाला, आणि मग संध्याकाळी माझी रोकड जुळेना. दहा रुपयांचा फरक. तो सापडेपर्यंत फेटेवाला गाठोडं बांधून गेला होता, आणि फरक सापडल्याच्या आनंदात मी तसाच स्टेशनकडे निघालो.

त्या दिवशी जग फार चांगलं वागलं. गाडीत एका मुलाने उठून मला जागा दिली. एरवी चौथ्या सीटवर टेकायचं म्हटलं तरी तिघे जण असे बघतात की आपण त्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला आलो आहोत. गिरगावात उतरलो तर पानवाल्याने नमस्कार केला. चाळीच्या जिन्यावर उभी पोरं बाजूला झाली. मला वाटलं, वय झालं की माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं वजन येतं म्हणतात, ते आलं असावं.

घरी दलाल येऊन बसला होता. बरोबर एक गृहस्थ. आमची खोली पगडीची. ती सोडून डोंबिवलीला मोठी जागा घ्यावी असं वर्षभर घाटत होतं, आणि हे गृहस्थ आमच्या खोलीचं गिऱ्हाईक होते. मला पाहताच ते चक्क उभे राहिले. पंचेचाळीस लाखांवर सौदा आला होता. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "तीस चेकने. पंधरा... असे." हे 'असे' म्हणताना त्यांचा हात टेबलाखाली गेला.

दलालाने हिशेब समजावला. पगडीची जागा दुसऱ्याच्या नावे करायची तर घरमालकाला साधारण तिसरा हिस्सा द्यावा लागतो. कागदावर पंचेचाळीस दिसले तर मालकाचे पंधरा. तीसच दिसले तर दहा. म्हणजे आमचे पाच लाख वाचले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हे गणित मला न सांगताही आलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीच आलं होतं.

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सारखी स्वतःच्या डोक्याला हात लावत होती. मी समजलो, 'डोकं चालवा' म्हणते आहे. कोपऱ्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, नुसते हसत बसले होते. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "आमच्या घराण्यात असे व्यवहार... पण विचार करून सांगतो." गृहस्थ आदराने पायऱ्या उतरले. मग ही आरसा घेऊन आली.

केशरी फेटा, वर हातभर तुरा, पाठीवर शेमला. असा नवरदेवासारखा सजून मी पंधरा लाखांच्या काळ्या पैशांवर विचार करत बसलो होतो! तेवढ्यात लक्षात आलं की अंगावरच्या सगळ्या वस्त्रांत हे एकच असं विचित्र आहे: ते गावाला दिसतं, फक्त ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच दिसत नाही.

रात्री झोप येईना. पंधरा लाख उशाशी नसतानाही माणसाची झोप उडवू शकतात. उठलो आणि कोश काढून बसलो. म्हटलं, ज्या शब्दाने आज आपल्याला दोन्हीकडून धरलं आहे, त्याचं घराणं तरी पाहावं. व्युत्पत्ती हा माझा काउंटर नव्हे. आमच्या ऑफिसातले एक विद्वान म्हणतात, 'पग' म्हणजे पाय, म्हणून पगडी म्हणजे दुसऱ्याच्या पायावर ठेवायची वस्तू. त्यांच्या बढत्या पाहता त्यांना ही व्युत्पत्ती फळली आहे, पण भाषेच्या दृष्टीने हे नुसतं ध्वनिसाम्य. पगडीची खरी भावंडं म्हणजे पंजाबीतली पग्ग, गुजरातीतली पाघडी आणि आपलं पागोटं.

संस्कृतात जुना शब्द उष्णीष. उन्हाचं निवारण करतं ते उष्णीष, अशी त्याची फोड करतात. म्हणजे सुरुवातीला मानाबिनाचा संबंध नाही. ऊन लागतं, कापड गुंडाळा. पण माणसाच्या डोक्यावर एखादी गोष्ट नुसती उपयोगाची म्हणून किती दिवस राहणार? अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याचं वर्णन येतं. तिथे दिवस हेच त्याचं उष्णीष आणि रात्र हे त्याचे केस! उन्हापासून वाचवणारं फडकं बघता बघता खुद्द उजेडाचं झालं.

पुढची गोष्ट आणखी गमतीची. सिद्धार्थाने घर सोडलं तेव्हा तलवारीने केसांची गाठ शिरोभूषणासकट कापून आकाशात भिरकावली, ती इंद्राने झेलली आणि देवांनी स्वर्गात तिची पूजा मांडली, अशी बौद्ध कथा आहे. भारहुतच्या स्तूपावर या उत्सवाचं शिल्प कोरलेलं आहे. इकडे त्या उघड्या डोक्याचं काय झालं? बुद्धमूर्तीच्या माथ्यावर जो उंचवटा दाखवतात, त्यालाच पुढे उष्णीष म्हणू लागले. ज्याने पागोटं टाकून दिलं, त्याच्या डोक्यालाच त्या पागोट्याचं नाव मिळालं. पागोटं सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांची नावं कुठल्या स्तूपावर असल्याचं ऐकिवात नाही.

काही शब्दांच्या बढत्या तर आमच्या बँकेतल्यापेक्षा जलद. फारसीत रू म्हणजे चेहरा. तो पुसायचा तो रुमाल. हा मराठीत थेट डोक्यावर जाऊन बसला. पुढे मोडी कागदांचे गठ्ठे त्यात बांधू लागले आणि पेशवे दफ्तराचेही 'रुमाल' झाले. मंदील त्याहून थोर. मूळ लॅटिन, अर्थ हात पुसायचं फडकं. अरबीतून आपल्याकडे आला आणि भरजरी होऊन डोक्यावर चढला. फारसी दुलबंदाचं तुर्कीत तुलबेंद झालं. त्याचं एक पोर इंग्रजीत टर्बन झालं, आणि आकार पागोट्यासारखा म्हणून दुसरं ट्यूलिपचं फूल. आपली पगडीही 'पगरी' होऊन साहेबाच्या घरी गेली. तिथे तिला काम मिळालं उन्हाळी हॅटभोवती गुंडाळून राहण्याचं. परदेशात गेल्यावर पदवी न बघता मिळेल ते काम करावं लागतं, ते असं.

म्हणजे कापडात काही नाही. हात पुसायला निघालेलं कापड डोक्यावर जातं आणि डोक्यावरचं कापड हॅटीला गुंडाळलं जातं. मग मान येतो कुठून? देणाऱ्यांकडून. उत्तरेत घरातला कर्ता गेला की थोरल्या मुलाला चारचौघांत पगडी बांधतात. त्या क्षणापासून घराचं कर्ज त्याचं आणि बहिणीचं लग्नही त्याचं. पगड्या बदलून माणसं एकमेकांचे भाऊ होत. म्हणजे पगडीच्या घड्यांत जबाबदारी गुंडाळलेली असे. १९०७ साली पंजाबात वसाहतीच्या जमिनींवरचा शेतकऱ्यांचा हक्क आवळणारं विधेयक आलं, तेव्हा त्याविरुद्धच्या चळवळीला नाव मिळालं 'पगडी संभाल जट्टा'. सांभाळायची होती जमीन, पण हाक दिली पगडीची, आणि ती सर्वांना कळली. व्हाइसरॉयने त्या विधेयकाला मंजुरी नाकारली. ब्रिटनमध्ये मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा तिथल्या शिखांनी दंड भरले पण पगडी उतरवली नाही. शेवटी १९७६ साली पार्लमेंटने कायदा करून त्यांना सूट दिली. हा माणूस फोटोपुरता फेटा बांधत नाही, आणि संध्याकाळी गाठोड्यात परतही टाकत नाही.

आमच्याकडे मात्र पगडीचे व्यवहार निराळ्या वळणाने गेले. 'ह्याची पगडी त्याच्या डोक्यावर' हा वाक्प्रचार मराठीचा आहे, आणि निम्मं बँकिंग त्यावर चालतं. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१८ साली पुणेरी पगडी की फुले पगडी असा राजकीय वादही पुण्यात रंगला. पगडीखालच्या डोक्यात काय होतं, याचा वाद त्या मानाने कमीच रंगतो.

आणि मुंबईने तर कमाल केली. पगडी डोक्यावरून काढून टेबलाखाली नेली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरची महागाई, फाळणीनंतरची गर्दी. खोलीची खरी किंमत आभाळात आणि भाडं मात्र जमिनीवर. मधलं अंतर मालकांनी एकरकमी वसूल करायला सुरुवात केली. असं अधिमूल्य घेणं कायद्याने गुन्हा. आता गुन्ह्याला नाव हवं. लाच म्हणावं तर देणारा बिचकतो, खंडणी म्हणावं तर घेणारा. मग डोक्यावरचा सगळ्यात अब्रूदार शब्द उचलला: पगडी. कोलकात्यात अशाच रकमेला 'सलामी' म्हणत. दोन्ही शहरांत गरजू माणसाने डोकंच पुढे करायचं. इथे त्यावरचं काढून द्यायचं, तिथे ते झुकवायचं.

हे सगळं मला कोशात कळलं खरं, पण पगडीची माझी ओळख जुनी आहे. माळ्यावर एक गोल डबा होता. त्यात पणजोबांची लाल पुणेरी पगडी. शिवाय एका ट्रंकेत आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या. आजोबा कारकून. कारकुनी आमच्याकडे आनुवंशिक. मी सहावीत असताना १९५६ सालची वही चाळत होतो. कोथिंबीर अर्धा आणा. पोस्टकार्डं तीन. न्हावी सहा आणे. आणि त्याखाली, त्याच शाईत, त्याच अक्षरात: पगडी, रुपये १५००.

मी हबकलो. डब्यातली पगडी पंधराशे रुपयांची! मी शाळेत सांगून टाकलं की आमच्याकडे पेशवेकालीन किमतीची पगडी आहे. दोन मित्र ती बघायला घरी आले. त्यांच्यासमोर डबा उघडताना अप्पांनी मला पाहिलं, आणि सगळं ऐकून घेऊन ते नुसतं एवढंच म्हणाले, "ती ही नव्हे. तू उभा आहेस ती."

मला काही कळलं नाही. मी खाली फरशीकडे बघितलं.

त्या रात्री फेटा मांडीवर ठेवून मी ती वही पुन्हा काढली. या वेळी बी. कॉम. झालेल्या डोळ्यांनी जमेची बाजूही पाहिली. सौ.च्या पाटल्या: ११००. उसने: ४००. बेरीज बरोबर पंधराशे. ऑफिसातली टाचणी घरी न आणणारा हा माणूस. घेणाऱ्याने पावती दिलेली नाही, कायदा म्हणतो असा व्यवहार झालाच नाही, मालक म्हणणार आपण काही घेतलं नाही. सगळ्या मुंबईत त्या पंधराशे रुपयांची नोंद एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण आजोबांशिवाय कुणी बघणार नव्हतं. 'किरकोळ' म्हणून लिहिलं असतं तरी कोण विचारायला येत होतं? पण कोथिंबिरीच्या खाली त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

आणि मला एका शब्दातल्या दोन्ही पगड्या शेजारी शेजारी दिसल्या. डोक्यावरची पगडी सर्वांना दिसते, फक्त मला दिसत नाही. टेबलाखालची कुणालाच दिसत नाही, फक्त मला दिसते. पहिलीवर लोक जागा देतात, उभे राहतात, जिना मोकळा करतात. दुसरीचं काय करायचं, हे ठरवताना गाडीत कुणी नसतं. लोकांनी दिलेला मान मी दिवसभर मिरवला तो दीडशे रुपये भाड्याचा होता. स्वतःला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं, त्याला भाडं नाही आणि परतीची बोलीही नाही.

इथे मला थोर माणसासारखं लिहायला आवडलं असतं की मी त्याच क्षणी पंधरा लाखांवर पाणी सोडलं. तसं झालं नाही. मी आधी बाजू मांडून पाहिल्या. सगळेच करतात. मालकाच्या आजोबांनी आमच्या आजोबांकडून पावती न देता घेतले, तर नातवाने नातवाचे पाच लाख वाचवले, फिटंफाट. युक्तिवाद मला इतका पटला की मी जवळजवळ झोपलो. मग आठवलं की सकाळी दहा वाजता मी त्याच काउंटरवर बसणार, रोकड भरायला आलेल्या माणसाला चष्म्यावरून बघून विचारणार, "पैसे कुठून आले?" दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून कायद्याने बंदी आहे, हा फलक आमच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे, थोडा तिरका. सापडलो तर नोकरी जाईल. मला घाम फुटला.

म्हणजे मी 'नाही' म्हणालो ते सचोटीने की भीतीने? यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, निम्मं निम्मं. पागोटं पहिल्या दिवशी कुणालाच नीट बांधता येत नाही. आत काहीतरी ताठ लागतं, ज्याच्या आधाराने पहिला वेढा घ्यायचा. काहींच्या आत श्रद्धा असते, काहींच्या आत संस्कार. आमच्या आत निवृत्तिवेतनाची काळजी असेल. वेढा पडल्याशी कारण. फक्त ते बाहेरून रेशीम दिसतं म्हणून आत आपण काय घातलंय हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी फेटा घेऊन फेटेवाल्याकडे गेलो. त्याने उशिराचे पन्नास रुपये मागितले. आदल्या रात्रीचा असर होता म्हणून मी पावती मागितली. तो हसून म्हणाला, "साहेब, मानाच्या गोष्टीची कधी पावती असते का?"

गृहस्थांना नकार कळवला. या वेळी डोक्यावर फेटा नसल्यामुळे त्यांनी तो फारसा आदराने घेतला नाही. दोन महिन्यांनी दुसरं गिऱ्हाईक आलं: बेचाळीस लाख, सगळे चेकने. आमच्या हिने हिशेब केला. पहिल्या सौद्यात मालकाचे दहा जाऊन पस्तीस उरत होते, आता चौदा जाऊन अठ्ठावीस. "सात लाख!" ती म्हणाली. "आजोबांची पगडी पंधराशेची, तुमची सात लाखांची. जरा जपून वापरा." डोंबिवलीच्या जागेत एक खोली त्यामुळे कमी आली. ती कमी खोली मला रोज दिसते, विशेषतः पाहुणे आले की.

नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आहे. त्याने पगडीचे पैसे उघडपणे घ्यायला परवानगी दिली. त्यामुळे मालकाने आपले चौदा लाख घेतले आणि कारकुनाकडून रीतसर पावती लिहवून दिली. रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, सही करून.

अप्पांनी ती पावती मागून घेतली. चष्मा लावून दोनदा वाचली. मग निरवानिरवीच्या पसाऱ्यातून तो गोल डबा ओढला, लाल पगडी उचलली, तिच्याखाली पावती ठेवली आणि झाकण लावलं.

"अप्पा, ती फाइलला लागेल," मी म्हणालो.

"झेरॉक्स लाव," अप्पा म्हणाले. "नानांची राहिली होती."